सगळं हिरवं, गाडी डावीकडे

परीक्षकांना मेंदीच्या कुंपणातून बाहेर काढायला दोन माणसं आणि एक कात्री लागली.

छे, कुठली लागली? असं काही झालंच नाही. परीक्षक कुंपणात गेले नाहीत, कात्री कुणी आणली नाही, आणि ज्याने आणली त्याने ती जागेवर नेऊन ठेवली आहे. आपण आदल्या दिवशीच्या दुपारी आहोत. गाडी गॅरेजमध्ये उभी आहे आणि मशीनच्या पडद्यावरचे सगळे आकडे हिरवे आहेत.

आकडे हिरवे झाले की जावयाला बरं वाटायचं. त्याच्या आयुष्यात बाकी हिरवं असं फारसं काही नव्हतं.

त्याला गॅरेजात, गल्लीत, चहाच्या टपरीवर सगळे 'जावईबापू'च म्हणत. गॅरेज सासऱ्यांचं होतं, घर सासऱ्यांचं होतं, आणि हा दोन्हीकडे होता. काम व्हील अलाइनमेंटचं. चारही चाकांना लोखंडी पंजे लावायचे, कुठलं चाक किती आत वळलंय आणि किती बाहेर झुकलंय ते पडद्यावर बघायचं, लाल दिसलं की पाना फिरवायचा, हिरवं दिसलं की थांबायचं. माणसांसाठी असं एखादं मशीन निघालं तर घरातलं पहिलं कोण चढवायचं, हे त्याने मनाशी ठरवून ठेवलं होतं.

ज्यांना चढवायचं ते सासरे, म्हणजे मामा, त्या वेळी गाडीतच बसले होते.

यात विशेष काही नाही. मामा कायमच गाडीत बसत. गॅरेजात एक खुर्ची होती, पण मामा तिच्यावर बसले तेव्हा तीही बसली, आणि मग मामा उठले पण ती उठली नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर स्टुलाचाही प्रश्न मिटला. तेव्हापासून अलाइनमेंटला कुठलीही गाडी आली की मामा डावीकडचं दार उघडत, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसत, सीट मागे सारत, पाय लांब करत आणि पेपर उघडत. तिथून मशीनचा पडदा दिसे, रस्ता दिसे, आणि जावई नीट काम करतोय की नाही हे तर दिसेच दिसे. मामा बसले की गाडी उसासा टाकायची. गाडी जॅकवर उचलली तरी ते उतरत नसत. गाडीबरोबर वर जात आणि वरून सूचना देत. काम झाल्यावर चाचणीची चक्करसुद्धा त्यांना घेऊनच व्हायची, कारण उतरण्यापेक्षा फिरून येणं गुडघ्याला सोपं पडे.

पुढे एखादं गिऱ्हाईक तोंड वाकडं करून आलंच, "गाडी जरा डावीकडे जाते हो," तर मामांचं उत्तर तयार असे. "रस्त्याला उतार आहे." गिऱ्हाईक जाऊन रस्ता बघे. रस्त्याला थोडा उतार असतोच. मग ते मान हलवत निघून जाई.

पण ही गाडी गिऱ्हाइकाची नव्हती, घरची होती. वय झालेली, स्प्रिंगा थकलेल्या, घरात सगळे तिला म्हातारी म्हणत. मागच्या आठवड्यात ती एका खड्ड्यात आदळली आणि तिची चाकं फाकली, म्हणून आज अलाइनमेंट. आणि आजच, कारण उद्या सकाळी म्हातारीवर जावयाच्या बायकोची परीक्षा होती.

सरकारी हॉस्पिटलला ॲम्ब्युलन्ससाठी ड्रायव्हर हवे होते. बायको गॅरेजात लहानाची मोठी झालेली, गाडी अशी चालवायची की शेजारच्याच्या कपातला चहा हलू नये. तरी ती दोनदा नापास झाली होती. पहिल्यांदा परीक्षकांनी सूचना दिल्या तेव्हा तिने त्यांना दोन सूचना परत दिल्या म्हणून, आणि दुसऱ्यांदा म्हातारीचा सायलेन्सर मैदानावरच राहिला म्हणून. ही तिसरी खेप. तिसऱ्यांदा नापास झालं की नाव कायमचं खोडतात. गाडी उमेदवाराने स्वतःची आणायची, कारण खात्याच्या मते ॲम्ब्युलन्स रुग्णांसाठी असतात, उमेदवारांसाठी नव्हे.

सगळ्यात अवघड भाग शेवटी. मैदानाच्या कडेने कुंपणाला लागून एक लांब सरळ पट्टा आहे. दोन पांढऱ्या रेघांच्या मधून गाडी एका हाताने न्यायची आणि दुसऱ्या हाताने खात्याने परीक्षेपुरता दिलेल्या वायरलेसचा रिसीव्हर उचलून रुग्ण किती, ठिकाण कुठलं, ते स्पष्ट आवाजात कळवायचं. चाक रेघेला लागलं की खेळ खलास. म्हातारीला पॉवर स्टिअरिंग नव्हतं. तिला वळवायला दोन्ही हात आणि थोडा राग लागायचा. ती आपणहून सरळ गेली तरच एक हात मोकळा राहणार होता.

आणि या नोकरीबरोबर क्वार्टर मिळत होतं. दोन खोल्या. दोन खोल्या म्हटलं की मधे भिंत आली. जावई त्या भिंतीच्या प्रेमात पडला होता.

कारण सासऱ्यांच्या घरात या दोघांची खोली म्हणजे अर्धा हॉल. मधे एक लोखंडी कपाट. कपाटाच्या अलीकडे हे दोघं, पलीकडे मामा आणि मामी. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात जावई बायकोच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला होता, "तुझे डोळे फार सुंदर आहेत." त्यावर कपाट म्हणालं, "आईवर गेलेत." पुढे दोघं भांडायचीसुद्धा हातवारे करून, तर कपाट विचारायचं, "गप्प का झालात? बरं वाटत नाही का?" घरात अजून पाळणा हलला नाही याची काळजी मामींना होती, शेजारणींना होती, चहाच्या टपरीलाही होती. कपाट हलवावं असं मात्र कुणाच्या डोक्यात येत नव्हतं.

"हिरवं?" मामांनी पेपरमागून विचारलं.

"सगळं हिरवं, मामा."

"मग चला."

जावयाने पंजे काढले, गाडी रस्त्यावर घेतली आणि चौकापुढे स्टिअरिंगवरचे हात सोडले. म्हातारी दोरी धरून नेल्यासारखी सरळ गेली. एवढी सरळ की जावयाला डोळ्यासमोर भिंत दिसायला लागली. रंगसुद्धा दिसला. फिकट पिवळा.

गॅरेजात परतल्यावर मामा चहासाठी उतरले आणि बायको सरावाला गाडी घेऊन गेली. तिच्या शेजारी मामा बसत नसत. "मुलगी ऐकत नाही, वर उलट बोलते," असं त्यांचं म्हणणं होतं, आणि "बोलते म्हणजे ऐकलेलं असतं," असं तिचं.

ती थोड्याच वेळात परत आली. दार आपटलं.

"अहो, डावीकडे ओढतेय."

"कोण?"

"मी! कोण काय? गाडी!"

"शक्य नाही. सगळं हिरवं होतं."

"मग तुमचं हिरवं डावीकडे जातंय."

"रस्त्याला उतार आहे," मामा बशीतून म्हणाले.

"बाबा, मी जाताना पण बघितलं आणि येताना पण बघितलं. दोन्ही वेळेला डावीकडे."

"मग दोन्ही बाजूंना उतार आहे."

जावयाने टायरची हवा बघितली. बरोबर होती. मग त्याने ठरवलं, पुढच्या टायरमध्ये दोष असणार. त्याची परीक्षा सोपी असते. पुढची दोन चाकं आपसात बदलायची. ओढ डावीकडून उजवीकडे गेली तर चोर टायर. मामा पुन्हा गाडीत बसले, गाडीबरोबर वर गेले, वरून "नट घट्ट कर" म्हणाले, गाडीबरोबर खाली आले आणि चक्करही मारून आले. गाडी डावीकडे नाही, उजवीकडेही नाही. सरळ.

"टायरच होता!" जावई ओरडला.

"मी मघाच म्हणणार होतो," मामा उतरताना म्हणाले.

बायको गाडी घेऊन गेली आणि परत आली. या वेळी तिने दार आपटलं नाही. ती नुसती बसून राहिली.

"डावीकडे?" जावयाने विचारलं.

"शिंप्याच्या दुकानापर्यंत जाऊन आले. आत जायचं तेवढं राहिलं. तो म्हणाला, माप घ्यायला गाडी का आणलीत?"

आता ब्रेक. एखाद्या चाकाचा ब्रेक चिकटून राहिला की ते चाक गाडीला आपल्याकडे ओढतं आणि तापतं. जावयाने हात लावून बघितलं. दोन्ही चाकं सारखीच कोमट. तरी त्याने ब्रेक खोलला, घासला, पुसला, बसवला. हात काळे झाले, कोपर सोललं, घाम डोळ्यात गेला. मामा सीटवर बसून कोडं सोडवत होते. चक्कर झाली. सरळ. मामा उतरले, बायको गेली, बायको आली. डावीकडे.

मामांनी चष्मा काढला. मामांनी चष्मा काढला की निकाल लागायचा.

"जावईबापू, गाडीत दोष नाही. आपण दोघं जातो तेव्हा गाडी सरळ जाते. ही जाते तेव्हा डावीकडे जाते. म्हणजे डावीकडे कोण जातंय?"

"बाबा!"

"लहानपणी तू डाव्या हाताने जेवायचीस."

"जेवायची हो! तुम्ही सवय मोडलीत!"

"मोडली असं आम्हाला वाटलं. शरीर विसरत नाही पोरी."

जावई काही बोलला नाही, आणि तेच त्याच्या अंगाशी आलं. बायकोने किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली. हळू ठेवली, पण ती लागली.

"तुम्ही एकट्याने जाऊन या. मग ठरवू कोणाचं शरीर काय विसरत नाही ते."

तो एकट्याने गेला. चौकापुढे हात सोडले. म्हातारीने क्षणभर विचार केला आणि ती डावीकडे निघाली. घाई नाही, गोंधळ नाही, माहेरी निघालेल्या बाईसारखी ठाम. त्याने गाडी वळवून आणून पुन्हा बघितलं. पुन्हा तेच. एका सायकलवाल्याने त्याला उभ्या उभ्या आई-बहिणीची आठवण करून दिली. तो रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून बसला आणि तिथे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

गाडी मामांना घाबरते.

हे त्याला मुळीच चमत्कारिक वाटलं नाही. मामा असले की तो स्वतः सरळ चालायचा आणि मामा नसले की त्याचंही मन भरकटायचं. मशीनला कसं कळणार? भीतीचा आकडा पडद्यावर येत नाही.

संध्याकाळी तो कपाटाच्या अलीकडे डोकं धरून बसला होता. बायको पलंगावर मांडी घालून सराव करत होती. उजव्या हातात स्टिअरिंग म्हणून ताट, डाव्या हातात रिसीव्हर म्हणून टीव्हीचा रिमोट.

"नियंत्रण कक्ष, नियंत्रण कक्ष. रुग्ण एक. पोचायला सात मिनिटं."

"सात कसली, दहा सांग," कपाट म्हणालं. "मागून बोलणी नकोत."

बायकोने ताट खाली ठेवलं आणि नवऱ्याकडे बघितलं. तिच्या आईवर गेलेल्या डोळ्यांत पाणी होतं. तिने आवाज न करता ओठ हलवले. 'उद्या नाही झालं, तर मी या कपाटात राहायला जाईन.' त्याने तिचा हात धरला. दोघंही कपाट काय म्हणतंय याची वाट बघत राहिली.

सकाळी मामा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते. मुलीची परीक्षा, बापाने जायलाच हवं. ते पुढे डावीकडे बसले, जावई मागे, बायको स्टिअरिंगवर. आज मुलीने ऐकायचं आणि बापाने बोलायचं नाही असा करार झाला होता.

म्हातारी मैदानापर्यंत सरळ गेली. पुलावर सरळ, उतारावर सरळ, जिथे रस्ता खरंच वाकडा होता तिथेही सरळ जायला बघत होती. बायकोने हळूच एक हात सोडला. मग मोठ्याने हसली.

"अहो! गेली की हो ओढ!"

"शेवटी पोरीची सवय मोडली," मामा म्हणाले आणि करारही मोडला.

जावयाने मागच्या सीटवर डोळे मिटले. भिंत होती जागेवर. त्याने तिला खिळा मारून एक कॅलेंडर लावलं.

फाटकावर पहारेकऱ्याने हात आडवा केला. आत उमेदवाराशिवाय कुणी गाडीत बसायचं नाही. मामा कण्हत उतरले. म्हातारीने उसासा टाकला, या वेळी वरच्या दिशेने. जावईही उतरला. बायको एकटीच पुढे निघाली, दहा पावलं गेली असेल नसेल, आणि गाडी डावीकडे वळत वळत पहारेकऱ्याच्या स्टुलाकडे जायला लागली. पहारेकरी आधी उठला, मग त्याने स्टूल उचललं, मग तो पळाला.

तिने ब्रेक दाबला. काच खाली केली. तिने नवऱ्याकडे बघितलं, मग बापाकडे, मग बाप जिथून उतरला त्या सीटकडे.

"अहो," ती म्हणाली. "बाबा."

एवढंच म्हणाली, आणि जावयाला सगळं कळलं. कळल्याबरोबर त्याला खाली बसावंसं वाटलं, म्हणून तो बसला.

आकडे हिरवे होते ते मामांसकट हिरवे होते. मामा बसले की म्हातारीची थकलेली डावी बाजू खाली दबायची, आणि त्या दबलेल्या अवस्थेत त्याने तिची चाकं सरळ केली होती. मामा उतरले की ती बाजू वर यायची, डावं चाक बाहेर झुकायचं, आणि चाक जिकडे झुकेल तिकडे गाडी जायची. भीतीबिती काही नव्हती, नुसतं वजन होतं. गिऱ्हाइकांचे चेहरे त्याच्यासमोरून एकामागून एक गेले. सगळे डावीकडून गेले.

"काय झालं?" मामांनी विचारलं.

"मामा, तुम्ही... अलाइनमेंटच्या वेळी... गाडीत होतात."

"मग कुठे असणार?"

"बाबा," बायकोनेच सांगून टाकलं, "ही गाडी तुमच्या वजनावर सरळ केलीय. तुम्ही बसलात तर सरळ, उतरलात तर डावीकडे."

मामांनी गाडीकडे बघितलं. कुणालातरी पहिल्यांदाच नीट बघावं तसं.

"मग मला उतरायला का नाही सांगितलंत?"

लग्न झाल्यापासून 'मामा, जरा उतरता का' हे शब्द जावयाच्या तोंडून कधी निघाले नव्हते. ओठांपर्यंतही आले नव्हते. पोटातच कुठेतरी सीट मागे सारून बसले होते.

"सांगितलं असतं तर उतरलो असतो की," मामा म्हणाले. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे, ते खरं बोलत होते असं दिसत होतं.

गॅरेज गावाच्या दुसऱ्या टोकाला. रांगेत पुढे एकच गाडी उरलेली, म्हणजे परत जाऊन चाकं सरळ करायला वेळ नाही. परीक्षक दोन होते, एक भरल्या अंगाचे आणि एक म्हणजे कपडे वाळत घालायची काठी, तिला पँट घातलेली. जावयाने डोळे मिटून भरल्या अंगाचे मागितले. ते पुढच्या गाडीत बसले. ती गाडीही उसासा टाकून खाली बसली. जावयाला त्या अनोळखी उमेदवाराचा एवढा हेवा वाटला की त्याला स्वतःचीच लाज वाटली.

मग त्याने कुंपणाच्या कडेच्या विटा उपसल्या आणि डाव्या सीटखाली भरायला सुरुवात केली. काठी जवळ आली.

"हे काय?"

"विटा, साहेब."

"ते दिसतंय. कशासाठी?"

"सीटला सवय आहे."

"वाहनात सामान चालत नाही. काढा."

विटा काढल्या. काठी कागद बघायला वळताच जावई उजव्या पुढच्या चाकाशी उकिडवा बसला आणि त्याने किल्लीच्या टोकाने हवा सोडली. हवा कमी झाली की गाडी त्या बाजूला ओढते. डावी ओढ आणि उजवी ओढ भांडत बसतील आणि गाडी मधून निघून जाईल, असा हिशेब. घरातही बायको त्याच्या आणि मामांच्या मधून अशीच निघून जायची. काठीने परत येऊन टायरला लाथ मारली.

"हवा कमी आहे. तिकडे पंप आहे."

हवा भरली. जावयाकडे आता काही उरलं नव्हतं. तेव्हा मामा पुढे झाले.

"साहेब, मी मागे बसतो. डाव्या बाजूला. एक शब्द बोलणार नाही."

"नियमात नाही."

"श्वाससुद्धा बेताने घेईन."

"काका, बाजूला व्हा."

"बरं मग असं करा, तुम्ही जरा जेवून या. चांगलं पोटभर. आम्ही थांबतो. रोज या हवं तर जेवून, आम्ही महिनाभर थांबतो."

जावयाने त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. मामा कुणाची विनवणी करू शकतात हे त्याला माहीतच नव्हतं, आणि ती कपाटाअलीकडून या दोघांना घालवण्यासाठी चालली होती, की मुलीसाठी, की स्वतःच्या वजनासाठी, हे त्याला कळेना. काठी गाडीत बसली. म्हातारीला ती बसल्याचं कळलंही नाही.

सासरा आणि जावई दोरीला पोट लावून उभे राहिले. बायकोने गाडी उलटी नेली, आठाच्या आकड्यात फिरवली, खांबांच्या मधून काढली. दोन्ही हात होते तोवर सगळं लोण्यातून सुरी फिरावी तसं झालं. मग गाडी सरळ पट्ट्याशी आली. डावीकडे पांढरी रेघ आणि रेघेपलीकडे मेंदीचं दाट कुंपण. वायरलेसचा आवाज परीक्षेसाठी मैदानातल्या कर्ण्यावर सोडलेला असतो. कर्णा खरखरला.

"नियंत्रण कक्ष, नियंत्रण कक्ष."

आवाज एकदम सरळ. गाडी डावीकडे निघाली. जावई नकळत उजवीकडे झुकला. मामाही झुकले. दोघं एवढे झुकले की शेजारच्या माणसाला सरकावं लागलं.

"रुग्ण एक. ठिकाण..."

तिचा उजवा हात ताठला होता. तिने रिसीव्हर टाकला असता तर गाडी सावरली असती, पण रिसीव्हर टाकला की नापास. रेघेला चाक लागलं की नापास. ती दोन नापासांच्या मधल्या अरुंद पट्ट्यातून गाडी नेत होती, आणि तो पट्टा कमी कमी होत होता.

"सोड पोरी!" मामा ओरडले.

"धर!" जावई ओरडला.

कुंपण हललं. मग म्हातारीचं मागचं टोक तेवढं दिसत राहिलं. कर्णा पुन्हा खरखरला. आवाज अजूनही स्पष्ट होता, नियमात म्हटल्याप्रमाणे.

"दुरुस्ती. रुग्ण दोन. ठिकाण, मैदानाचं कुंपण."

दार फांद्यांत अडकलं होतं, म्हणून माळ्याची कात्री आली. बायकोला खरचटलंसुद्धा नव्हतं. परीक्षकांच्या कॉलरमध्ये मेंदीचा आख्खा तुरा होता आणि चेहरा असा, जणू कुठल्यातरी नवऱ्या मुलाला चुकीच्या मांडवात आणून बसवलंय. ते टेबलाशी बसले. त्यांनी पेन उघडलं, आणि तेव्हा त्यांना नियम आठवला. परीक्षक आत असताना वाहन हद्दीबाहेर गेलं, तर चौकशी परीक्षकांची होते. त्यांनी कुंपणाकडे बघितलं, कात्रीकडे बघितलं, आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'चाचणी झाली नाही.'

खिडकीमागच्या कारकुनाने ते वाचलं.

"म्हणजे ही नापास नाही?" जावयाने श्वास रोखून विचारलं.

"झालीच नाही तर नापास कशी होईल?"

"मग पुन्हा द्यायची?"

"पुढची तारीख निकालावर मिळते. निकाल आहे का तुमच्याकडे?"

"नाही."

"मग तारीख नाही."

"आणि क्वार्टर?"

"अहो, तारीख नाही म्हणतोय आणि क्वार्टर काय? अर्ज करा."

"मी आज गाडी नीट करून आणतो साहेब. एकट्याने. गाडीत कुणालाही न बसवता."

"गाडीला हात लावायचा नाही," कारकून म्हणाला. "अर्जाचा निकाल लागेपर्यंत वाहन आहे त्या स्थितीत ठेवायचं. न झालेल्या चाचणीचा तो एकमेव पुरावा आहे."

जावई म्हातारीच्या बॉनेटवर कागद पसरून लिहायला लागला. बायको शेजारी उभी राहून त्याच्या केसांत मेंदीची पानं शोधत होती, खरं तर ती तिच्या केसांत होती, पण तिला ते समजत नव्हतं. मामा सवयीने डावीकडच्या सीटवर जाऊन बसले होते आणि खिडकीतून सांगत होते. शेवटच्या ओळीशी जावई अडला. त्याने बायकोकडे बघितलं. बायकोने बापाकडे बघितलं.

"लिहा," ती मोठ्याने म्हणाली. कपाट नव्हतं, त्यामुळे आवाज फार लांब गेला.

मामांनी पेपर उघडला आणि चेहऱ्यासमोर धरला. तो उलटा होता.

प्रति,
मा. चाचणी अधिकारी यांस,

विषय : न झालेल्या चाचणीबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराचे वाहन हे अर्जदाराच्या वडिलांसह सरळ असून वडिलांविना डावीकडे आहे. सदर वाहनात बदल करण्यास मनाई असल्याने, न झालेली चाचणी पुन्हा झाल्यास ती वडिलांच्या वजनाइतक्या वजनाच्या परीक्षकांमार्फत व्हावी. असे परीक्षक खात्याकडे उपलब्ध नसल्यास अर्जदाराच्या वडिलांचीच, केवळ बसण्यापुरती व न बोलण्याच्या अटीवर, परीक्षक म्हणून नेमणूक करण्यात यावी. तेही शक्य नसल्यास सध्याच्या परीक्षकांना शासकीय खर्चाने जेवू घालण्यात यावे. आणि यांपैकी कोणताही निर्णय होईपर्यंत, मिळू न शकलेल्या दोन खोल्यांपैकी मधली भिंत तेवढी अर्जदार व तिचे पती यांना तात्पुरत्या स्वरूपात, आगाऊ, आणि शक्य झाल्यास आजच देण्यात यावी, ही नम्र विनंती.